सुट्टीचा पास आणि गिरणीची चिमणी

मे महिन्यातली रजा मंजूर झाली की आपल्या वसाहतीत एकच चर्चा सुरू होते : यंदा सिमला की कुलू-मनाली? रेल्वेवाल्याकडे पास असतो, टपालवाल्याकडे एलटीसी. चंडीगढला उतरायचे, मोहालीच्या विमानतळालगत एयरोसिटीत एखाद्या हॉटेलात रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी कालक्याहून छोटी गाडी धरायची. यात वावगे काही नाही. वर्षभर रात्रपाळ्या करणाऱ्याने आणि उन्हातान्हात थैली वाहणाऱ्याने थंड हवा खाऊ नये, असे कोण म्हणेल? पण एयरोसिटीच्या त्या रुंद रस्त्यांवर हिंडताना इथे पूर्वी कोणाची शेते होती आणि हे रस्ते कोणी बांधले, हे सांगणारे काही दिसत नाही. नव्या वस्तीला आठवण नसते. तेव्हा एखाद्या सुट्टीत तरी श्रमाची आठवण असलेल्या गावी बायकामुलांना घेऊन जावे, असे माझे मत आहे.

विलायतेत ही रीत जुनी आहे. स्कॉटलंडमधले न्यू लॅनार्क हे सूतगिरणीचे गाव. रॉबर्ट ओवेनने तिथे दहा वर्षांखालच्या मुलांना गिरणीतून काढून शाळेत बसवले. यॉर्कशायरचे सॉल्टेअरही तसेच. दोन्ही गावे 2001 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ओतीव लोखंडाच्या पहिल्या मोठ्या पुलाचे आयर्नब्रिज तर 1986 सालीच त्या यादीत आले. लोक उन्हाळ्यात तिथे जातात, कामगारांच्या खोल्या, शाळा, भट्ट्या पाहतात.

आपल्याकडे असे गाव नाही काय? पुणे-मिरज मार्गावर काम केलेल्या गार्डाला विचारा. तो किर्लोस्करवाडी सांगेल. बेळगावातून हलावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि 1910 साली तिथे कारखाना उभा राहिला. निवडुंग आणि साप यांखेरीज तिथे काही नव्हते. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनेल, या भीतीने शेतकरी सुरुवातीला त्याला हात लावीत नव्हते. पुढे मागणी वाढली आणि पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानच्या जुन्या तोफा ओतायला दिल्या. तोफेचा नांगर झालेला पाहायचा तर याच गावी.

मात्र तिथे जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या गावाची कथा आजवर बहुतेक मालकाच्या बाजूने सांगितली गेली. लक्ष्मणराव मोठे होते, यात शंका नाही. पण भट्टीपुढे उभे राहून तो नांगर ओतणाऱ्या मोल्डरचे नाव किती जणांना ठाऊक आहे? गावाला घरे, शाळा देणारा मालक चांगलाच. पण घर मालकाचे आणि नोकरीही मालकाचीच, अशा गावात संघटना बांधणे किती अवघड असते, हे रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. जवळच कुंडल आहे, प्रतिसरकारचे गाव. तिथल्या तुफान सेनेने 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली. (पगाराची गाडी म्हटल्यावर आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडतील!) वाडी आणि कुंडल एकाच फेरीत पाहावीत, म्हणजे चित्र पुरे होते.

आणि मुंबईचे गिरणगाव? ते पाहायला तर पासही लागत नाही. कावसजी दावरांनी 1854 साली ताडदेवला पहिल्या गिरणीची कंपनी काढली, तिथून ही कथा सुरू होते. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 1890 साली मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे गिरणीत येण्यापूर्वी आधी रेल्वेत आणि मग टपाल खात्यात नोकरीला होते, म्हणजे ते आपल्याच दोन्ही घरांतले. टपाल खात्याने 2005 साली त्यांचे तिकीट काढले. गिरणगावातून सातारा-रत्नागिरीला जाणाऱ्या मनीऑर्डरींवर किती चुली पेटल्या, हे त्या गावांतल्या पोस्टमनइतके कोणाला माहीत असणार?

18 जानेवारी 1982 रोजी अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर एकेका गिरणीला कुलूप लागले. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला. चिमणी शोभेला ठेवायची आणि तिच्याखाली सूत काढणाऱ्याला विसरायचे, असल्या वारशाला आपण विरोध केला पाहिजे. घरांसाठी दीड लाखाच्या वर गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले, आणि 2012 च्या पहिल्या सोडतीत घरे निघाली सात हजारांहून कमी. हा हिशेबही त्या चिमणीच्या पायथ्याशी लिहिलेला असावा.

म्हणून फेडरेशनने राज्य सरकारकडे आणि रेल्वे मंडळाकडे मागणी करावी. करी रोड, चिंचपोकळी, लोअर परळ आणि किर्लोस्करवाडी या स्टेशनांवर कामगारांचा इतिहास सांगणारे फलक मराठीत लागले पाहिजेत आणि त्यांचा मजकूर संघटनांना विचारून ठरला पाहिजे. परळ आणि लोअर परळच्या रेल्वे कारखान्यांची दारे वर्षातून एखादा दिवस कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी उघडावीत. बाप कुठे काम करतो, हे पोराने एकदा तरी पाहावे. साच्यावर काम केलेली माणसे आता सत्तरीपुढे गेली आहेत. त्यांना सोबत घेऊन गिरणगावात फेरी काढायची, तर ती याच एक-दोन वर्षांत काढली पाहिजे.

किर्लोस्करवाडीचा कारखाना आजही चालू आहे, तेव्हा परवानगीवाचून आत जाता येणार नाही. शाखा सचिवांनी इच्छुकांची नावे गोळा करून फेब्रुवारीतच व्यवस्थापनाला पत्र पाठवावे. मे महिन्यात सांगलीकडचे ऊन कडक असते, म्हणून वेळ सकाळचीच मागावी.