९९०० चा सेल

"वाफच तर आहे, सर," पोरं व्हेपबद्दल म्हणतात. (त्या वाफेनंही रोजा तुटतो, बरं का.) मग विचारतात, जास्त टिकणारा, न फुटणारा सेल कोणता?

व्हेपमध्ये बरेचदा टॉर्चमधलाच १८६५० सेल असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. चांगल्या कंपनीचा असला तरी साधारण ३५०० एमएएचचा. स्वस्तातल्यावर ९९०० छापलेलं असेल तर तो आकडा सरळ खोटा.

टॉर्चच्या सेलबद्दल खडकी बाजारातल्या दुकानदाराला जाब तरी विचारता येतो. व्हेपवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. बिल नाही, गॅरंटी नाही. खिशात पेटला तर तक्रार कुणाकडे? त्यासाठी सेल मी सुचवणार नाही. टॉर्चचा सेल मात्र वेष्टन फाटलं की वापरू नका, आणि सुटा सेल किल्ल्यांसोबत खिशात टाकू नका, शॉर्ट होतो.