खेळाडू आहे म्हणून सगळं माफ?

अहिल्यानगरची ती कुस्ती तुम्हीही टीव्हीवर पाहिली असेल. २ फेब्रुवारी २०२५. महाराष्ट्र केसरीची उपांत्य लढत, शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी शिवराज चितपट झाल्याचं जाहीर केलं. आपली पाठ टेकलीच नव्हती, असं शिवराजचं म्हणणं. वाद वाढत गेला आणि त्याआधी महाराष्ट्र केसरीची गदा मिळवलेल्या या मल्लाने पंचांची कॉलर धरली, लाथही मारली. नंतर अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनेही पंचांशी वाद घालून मैदान सोडलं. राज्य कुस्तीगीर संघाने दोघांचं तीन वर्षांसाठी निलंबन जाहीर केलं.

शिवराज मूळचा राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा. आम्हा वारूळवाडीकरांना तो परका नाही. पुणे-नाशिक रस्त्याने मंचर ओलांडलं की त्याचंच गाव. त्यामुळे नंतरचे कितीतरी दिवस चहाच्या टपरीपासून आमच्या भिशीपर्यंत एकच विषय होता : पाठ टेकली की नाही? बायकासुद्धा मोबाइलवर तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघत होत्या. पोरावर अन्याय झाला, असं म्हणणारेच जास्त. निकाल चुकला असेल तर त्यावर दाद मागायची चोख सोय हवी, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण ‘निकाल चुकला म्हणून लाथ मारली, त्यात काय एवढं?’ असं एक चांगल्या शिकल्यासवरल्या काकांनी म्हटलं, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. पंच तिथे कामाला आलेला माणूस असतो हो. त्याचं चुकलं तर त्याच्यावर कारवाई करा. पण कामावर आलेल्या माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही, हा नियम खेळाडू बघून बदलतो का?

आणि पंचांचं निदान सगळ्यांनी पाहिलं. कॅमेरे होते, मंत्री-पुढारी होते, हजारो प्रेक्षक होते. संघाला कारवाई करावीच लागली. मला प्रश्न पडतो तो कॅमेरा नसलेल्या जागांचा. शिबिरात भाकऱ्या थापणारी बाई, मैदान झाडणारी मावशी, स्वीमिंग टँकच्या दारावर पासेस तपासणारी मुलगी, संघाबरोबर गावोगाव फिरणारी फिजिओ, पॉइंट लिहायला बसलेली कॉलेजची पोरगी. यांच्याशी खेळाडू कसा वागला, हे कोण बघतं? कोणाच्या डायरीत लिहिलं जातं?

आमच्या ओळखीच्या एक मावशी एका कबड्डीच्या शिबिरात स्वयंपाकाला जायच्या. कुठलं मंडळ, ते राहू दे. वीस-बावीस मुलांचा दोन वेळचा स्वयंपाक, रोजंदारीवर. संघातला सगळ्यात चांगला चढाईपटू कोण, हे त्यांना विचारलं तर नाव घेत नाहीत, नुसतं ‘तो’ म्हणतात. त्याने एकदा भाजी खारट झाली म्हणून ताट भिरकावलं. मावशी गप्प बसल्या. मग हळूहळू घाणेरडे विनोद सुरू झाले, तेही बाकीच्या पोरांसमोर. शेवटी मावशींनी अध्यक्षांच्या कानावर घातलं. अध्यक्ष भला माणूस. म्हणाला, ‘‘मावशी, रविवारी फायनल आहे. तेवढी होऊ द्या, मग बघतो त्याच्याकडं.’’ फायनल झाली, संघ जिंकला, त्या पोराला खांद्यावर घेऊन गुलाल उधळला. पुढच्या शिबिराला स्वयंपाकाला दुसरी बाई होती.

‘‘मला काढलं नाही हो, बोलावलंच नाही,’’ मावशी म्हणाल्या.

मैत्रिणींनो, या एका वाक्यात किती क्लबांची, किती मंडळांची कार्यपद्धती आली बघा. कुठे ठराव नाही, नोटीस नाही, कागद नाही. खेळाडू हुकमाचा पत्ता, तो सांभाळायचा. बाई काय, दुसरी मिळते!

मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबांत वेगळं असतं का? कधीकधी असतं. १६ मे २०१२ च्या रात्री वानखेडे स्टेडियमवर मॅच संपल्यावर शाहरूख खान आणि सुरक्षारक्षक यांच्यात मैदानात जाण्यावरून जोरदार भांडण झालं. आपल्याबरोबरच्या मुलांना ढकललं म्हणून आपण चिडलो, असं शाहरूखचं म्हणणं होतं. तो खेळाडू नव्हे, कोलकात्याच्या संघाचा मालक. तरीही मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला पाच वर्षं स्टेडियमची दारं बंद केली. तेव्हा विलासराव देशमुख अध्यक्ष होते. एवढ्या मोठ्या माणसाला एका रखवालदारापायी बंदी, म्हणून तेव्हा काय गहजब झाला होता! ती बंदी २०१५ मध्ये मुदतीआधीच उठली, ते सोडा. पण निदान दारावर उभ्या असलेल्या माणसाच्या मागे संस्था उभी राहिली होती.

दुसरं उदाहरण खार जिमखान्याचं. हार्दिक पंड्याने टीव्हीवरच्या गप्पांत बायकांबद्दल काय मुक्ताफळं उधळली, ते २०१९ च्या जानेवारीत अख्ख्या देशाने ऐकलं. क्रिकेट बोर्डाच्या प्रशासकांनी त्याला आणि के. एल. राहुलला ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातून परत बोलावलं. दोन आठवड्यांत निलंबन उठलं, एप्रिलमध्ये प्रत्येकी वीस लाखांचा दंड झाला. त्यातली रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबीयांना आणि अंध क्रिकेटपटूंच्या निधीला द्यायची होती. खार जिमखान्याने मात्र हार्दिकला आदल्याच वर्षी दिलेलं मानद सभासदत्व काढून घेतलं. क्लबमध्ये बायका येतात, मुली खेळतात, मग असा पाहुणा कशाला, असा साधा विचार. मला तो आवडला होता.

पण दोन्ही ठिकाणी गवगवा आधी आणि कारवाई मागाहून, हे विसरून चालणार नाही. गवगवा झाला नाही तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ह्यूस्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा स्टार खेळाडू डेशॉन वॉटसन याच्यावर मसाज करणाऱ्या वीसहून अधिक बायकांनी गैरवर्तनाचे दावे ठोकले. त्याने सगळं नाकारलं, फौजदारी खटलाही उभा राहिला नाही. पण थेरपिस्टकडून सही करून घ्यायचा ‘कुठे बोलणार नाही’चा कागद त्याला क्लबच्याच माणसाने दिला होता, अशी बातमी छापून आली. क्लबने जुलै २०२२ मध्ये तीस जणींशी तडजोड केली, मात्र आपली चूक कबूल केली नाही. खेळाडूला अकरा सामन्यांची बंदी आणि पन्नास लाख डॉलर दंड झाला. आणि त्याआधीच, त्याच वर्षी मार्चमध्ये, क्लीव्हलँडच्या संघाने त्याच्याशी तेवीस कोटी डॉलरचा करारही करून टाकला होता! पैसा आमच्या मंडळाच्या कोटी पट असेल, पण हिशेब तोच. फायनल होऊ द्या.

आता जरा कायद्याकडे वळू, कारण मावशींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्यातली ‘कामाचं ठिकाण’ ही व्याख्या मुद्दाम वाचा. ऑफिस, हॉस्पिटल यांच्याबरोबर त्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेची जागा असं स्पष्ट लिहिलं आहे. रोजंदारीवरची बाई, कंत्राटदारामार्फत आलेली बाई, एवढंच काय, बिनपगारी मदतीला आलेली बाईसुद्धा त्यात धरली आहे. आणि छळ करणारा संस्थेचा नोकर नसून बाहेरून आलेला खेळाडू असला, तरी बाईला त्याच्यापासून सुरक्षित ठेवायची जबाबदारी मालकाची, म्हणजे इथे क्लबची.

जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला, तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सभासद बायका आणि एक सभासद बाहेरचा. समिती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड. पण कागदावरचं सोडा. दिल्लीत कुस्तीगीर मुली रस्त्यावर बसल्या, तेव्हा २०२३ च्या मे महिन्यात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने क्रिकेट बोर्डासह पंधराएक क्रीडा महासंघांना नोटिसा काढल्या. धड समितीच नाही म्हणून! देशपातळीवर ही गत, तर आमच्या तालुक्यातल्या मंडळांना काय बोलणार?

तिथे दहा माणसं कामाला नसतातच. दोन बायका स्वयंपाकाला, एक झाडलोटीला. त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि तालुक्याला एक नोडल अधिकारी नेमायचा असतो. त्याच्याकडे लेखी तक्रार दिली की सात दिवसांत ती समितीकडे पोचवणं त्याचं काम. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, योग्य कारण असेल तर मुदत वाढते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हेही समितीचंच काम.

ताट भिरकावणं मात्र यात बसत नाही, हेही सांगायला हवं. हा कायदा लैंगिक छळापुरता आहे. त्या पोराचे घाणेरडे विनोद त्यात येतात, ताट येत नाही. ताटासाठी क्लबचा स्वतःचा नियम लागतो. तो लिहायला वकील कशाला हवा? कामावरच्या माणसाशी दांडगाई केली तर पुढची मॅच बाहेर बसायचं, मग फायनल असली तरी. तक्रार कोणाकडे द्यायची त्याचं नाव आणि फोन नंबर स्वयंपाकघराच्या दारावर. आणि तक्रार करणाऱ्या बाईचं काम पुढच्या वेळी जाणार नाही, हे लेखी. या शेवटच्या ओळीशिवाय बाकीच्या दोन्ही फुकट, कारण मावशींची तक्रार ऐकून तर घेतली होतीच की!

यात्रेच्या आधी कबड्डीची, कुस्त्यांची वर्गणी मागायला पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात. घरात पाकीट कोणाचंही असो, दार बहुतेक वेळा आपणच उघडतो. यंदा मी पैसे द्यायच्या आधी विचारणार आहे, की शिबिराला स्वयंपाकाला कोण आहे, तिची हजेरी किती आणि तिने तक्रार करायची तर कोणाकडे? पोरं एकमेकांकडे बघतील. हरकत नाही, अध्यक्षांना विचारून या म्हणायचं. पावती तोवर माझ्या नावाने कोरीच राहील.