दुर्बिणीचा फोटो फॉरवर्ड करताय? आधी खालची ओळ वाचा

दिवाळी आली की एक फोटो हमखास फिरतो. 'अंतराळातून दिसणारा दिवाळीचा भारत'. निळे, हिरवे, लाल ठिपके, अख्खा देश उजळलेला आणि खाली नासाचं नाव. आपल्या ग्रुपवरही दरवर्षी येतो. चांगली शिकलेली मंडळी हात जोडून तो पुढे ढकलतात.

तो फोटो दिवाळीचा नाही. एका रात्रीचा तर नाहीच नाही. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी अनेक वर्षं घेतलेल्या नोंदी एकावर एक ठेवून तो नकाशा केलाय. पांढरे दिवे 1992 च्या आधीचे, निळे 1992 मध्ये दिसू लागलेले, हिरवे 1998 मधले, लाल 2003 मधले. वस्ती कशी वाढत गेली, हे दाखवायला ते रंग दिलेत. नासाने 2012 मध्येच याचा खुलासा केलाय. पण खुलासा कोण फॉरवर्ड करतो?

आता याच्या उलटी गंमत बघा. जेम्स वेब दुर्बिणीचा खराखुरा फोटो टाकला की पहिली कमेंट येते, "सगळं फोटोशॉप आहे हो, रंग भरलेत." म्हणजे खोट्याला नमस्कार आणि खऱ्याची उलटतपासणी! माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की आकाशाचा फोटो बातमीसारखा वाचायला शिकूया. कोणी काढला, कशाने काढला, कधी काढला आणि रंग कशाचे आहेत. चार प्रश्न, बस्स.

आधी रंगांचं बघू. वेब दुर्बीण प्रामुख्याने अवरक्त प्रकाश टिपते. तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून शास्त्रज्ञ सहसा आखूड लहरींना निळा आणि लांब लहरींना लाल रंग देतात. ही बनवाबनवी नाही, भाषांतर आहे. सोनोग्राफीत बाळ दिसतं ते आवाजाच्या लहरींवरून, तिथे प्रकाशाचा संबंधच नसतो. पण डॉक्टरांना कोणी म्हणत नाही, की फोटोशॉप केलंय.

आणि हा न दिसणारा प्रकाशच का? कारण विश्व प्रसरण पावतंय. फार दुरून निघालेला प्रकाश वाटेत ताणला जातो आणि आपल्यापर्यंत येईतो अवरक्त होऊन जातो. तो पकडायला दुर्बीणही थंडगार हवी, नाहीतर तिची स्वतःचीच उष्णता मधे येते. म्हणून 25 डिसेंबर 2021 ला सोडलेली ही दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर नेऊन ठेवली. साडेसहा मीटरचा आरसा, सोन्याचा मुलामा दिलेले 18 षटकोनी तुकडे आणि उन्हाला आडवा टेनिस कोर्टाएवढा पाच पदरी पडदा.

तिचा पहिला गाजलेला फोटो जुलै 2022 मध्ये आला. हात लांब करून चिमटीत वाळूचा एक कण धरा. तो आकाशाचा जेवढा भाग झाकेल, तेवढ्याच भागाचा हा फोटो. आणि त्यात हजारो दीर्घिका! दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची अख्खी वसाहत.

हा फोटो पोरांना दाखवताना नुसतं 'किती छान' म्हणून सोडू नका. वाचायला लावा. ज्या ठिपक्यांना टोकदार किरणं फुटलीत ते बहुतेक आपल्याच आकाशगंगेतले तारे. ती किरणं आरशाच्या आणि त्याच्या आधारदांड्यांच्या रचनेमुळे दिसतात. बाकीचे जवळजवळ सगळे ठिपके म्हणजे एकेक दीर्घिका. मधे वाकलेल्या कमानी दिसतील. तिथे पुढच्या दीर्घिकांच्या समूहाने आपल्या गुरुत्वाकर्षणाने मागचा प्रकाश वाकवलाय. आइनस्टाइनने जे कागदावर मांडलं, ते इथे मोबाइलच्या पडद्यावर दिसतं. त्या समूहाचा प्रकाश निघाला तेव्हा सुमारे 460 कोटी वर्षांपूर्वीचा काळ होता. आपली पृथ्वी जेमतेम आकाराला येत होती.

आता कोणी म्हणेल, "साहेब, इथे नळाला चार दिवसांआड पाणी आणि तुम्ही दीर्घिका मोजताय." रास्त आहे. पाण्यावर मी लिहितोच, पुढेही लिहीन. पण ही दुर्बीण बांधायचा खर्च अमेरिका, युरोप आणि कॅनडाच्या संस्थांनी केला आणि तिची माहिती जगाला फुकट मिळते. काही निरीक्षणं लगेच, काही ठराविक मुदतीनंतर. घेणाऱ्याने घ्यायची.

आणि घेणारे आपल्याकडे आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या माहितीतून एक सर्पिल दीर्घिका शोधली. तिला नाव दिलं 'अलकनंदा'. विश्व अवघं दीडशे कोटी वर्षांचं होतं, तेव्हाची ही दीर्घिका. इतक्या लवकर इतकी रेखीव, दोन भुजांची दीर्घिका तयार झालेली असेल, अशी अपेक्षा नव्हती. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये ही बातमी आली. याच केंद्राच्या 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणी जुन्नर तालुक्यात खोडदला आणि आसपास उभ्या आहेत. नारायणगावला एसटीने जाता येतं. जगातले शास्त्रज्ञ तिथे वेळ मागतात. आपल्या किती शाळांच्या सहली तिथे जातात? रिसॉर्ट आणि वॉटरपार्कच्या मात्र दरवर्षी जातात.

पण फोटोवर विश्वास बसायचा, तर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी आकाश बघावं लागतं. हिवाळ्यात मृग नक्षत्र वर आलं की मधल्या तीन ताऱ्यांच्या खाली एक धूसर ठिपका दिसतो. तो तारा नाही, तेजोमेघ आहे, तारे जन्मतात ती जागा. साध्या द्विनेत्रीतूनही ओळखता येतो. तिथून आज पोचणारा प्रकाश निघाला तेव्हा इथे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. वेबने याच तेजोमेघाचे फोटो काढलेत. आधी ठिपका दाखवा, मग फोटो. पोराला 'फोटोशॉप' हा शब्द आठवायचा नाही.

अडचण एकच आहे. आपल्या गावात तो ठिपका दिसेनासा होत चाललाय. चौकाचौकात हायमास्ट, मंगल कार्यालयांचे फोकस, दुकानांच्या पाट्या रात्रभर चालू. बराच उजेड वर आकाशात जातो आणि त्याचं बिल नगरपालिका आपल्या पैशातून भरते. दिवे बंद करा असं मी म्हणत नाही. आयाबहिणींना रस्त्यावर उजेड हवाच. पण दिव्याला वरून टोपी असली तर तोच उजेड रस्त्यावर पडतो, डोळे दिपत नाहीत आणि आकाशही वाचतं. आपल्या विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे बदलले. गावं अंधारात नाही बुडाली.

म्हणून माझ्या मागण्या तीनच. नवीन दिव्यांचं टेंडर काढताना नगरपालिकेने 'उजेड खाली पडणारा दिवा' ही अट घालावी. हिवाळ्यातल्या एका अमावास्येला शाळेच्या मैदानाजवळचे दिवे दोन तास बंद ठेवावेत आणि पोरांना आकाश दाखवावं. आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खर्च करणाऱ्या आपल्या नेतेमंडळींनी एका वर्षाच्या फ्लेक्सचे पैसे बाजूला काढून जिल्हा परिषदेच्या शाळेला एक बऱ्यापैकी दुर्बीण द्यावी. नाव घाला तिच्यावर, आमची हरकत नाही.

तो दिवाळीचा फोटो परत आला तर खाली एवढंच लिहा, की हा दिवाळीचा नाही, वाढत गेलेल्या दिव्यांचा नकाशा आहे. आणि त्यात आपलंही गाव कुठेतरी आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आज रात्री एकदा गच्चीवर जाऊन किती तारे दिसतात ते मोजा आणि मग भांडा.