'अप्रगत' कोण?

भामरागड तालुक्यात शिक्षक म्हणून रुजू झालो आणि फोनवर एकच प्रश्न सुरू झाला : 'बदली कधी?' पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो, रस्ता बंद, रेंज गायब. त्याची सवय होते हो. पण पहिलीतलं पोर पाण्याला 'एर' म्हणतं, पुस्तक 'पाणी' म्हणतं आणि आमचे रकाने त्या पोराला 'अप्रगत' म्हणतात, याची कशी व्हावी? भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं घटनेचं कलम ३५०-अ १९५६ पासून सांगतंय. डी.एड.ला माझा माडियाचा एक तास झाला नाही. नक्षलवादाचं कारण देऊ नका. व्याकरणाला कुणी सुरुंग लावलेला नाही. सध्या संध्याकाळी मुलंच मला माडिया शिकवतात, बिनपगारी. शिक्षकाला रुजू होण्याआधी भाषा शिकवा, मग पोरांची परीक्षा घ्या.