न दिलेली जागा

अमेरिकेत अपंगांसाठी राखीव जागेत मोटार उभी करण्याचे निळे पत्रक केवळ वय झाले म्हणून मिळत नाही. 1991 च्या केंद्रीय नियमांतील कसोट्या नेमक्या आहेत : न थांबता 200 फूट चालता न येणे, काठी, चाकांची खुर्ची वा दुसऱ्याच्या आधाराविना चालता न येणे, फुफ्फुसांचा गंभीर विकार, सोबत प्राणवायू बाळगावा लागणे, तिसऱ्या वा चौथ्या श्रेणीचा हृदयविकार, किंवा संधिवात, मज्जाविकार वा अस्थिविकाराने चालणे अत्यंत मर्यादित होणे. यांपैकी एकही पुरेशी असते; मात्र ती डॉक्टरांनी प्रमाणित करावी लागते. तात्पुरत्या दुखण्यासाठी लाल पत्रक असून त्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने असते. बाकी तपशील राज्यपरत्वे बदलतो.

पत्रक व्यक्तीचे असते, मोटारीचे नव्हे. आजोबा घरी असताना नातवाने त्या जागेचा लाभ घेतला, तर कायद्याने दंड होऊ शकतो; श्रावकाच्या दृष्टीने ते अदत्तादानच होय. खोट्या वजन-मापाला अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानणाऱ्या व्यापारी कुळांना हे निराळे सांगणे नको.

उलटपक्षी, गुडघे थकलेल्या आजींनी केवळ संकोचापोटी पत्रक नाकारावे आणि त्यांचे देवदर्शन सुटावे, हेही उचित नव्हे. जे रीतीने दिले आहे, ते घेण्यात दोष नाही.