कधीमधी होणारा बिघाड : आधी वही, मग पाना



आज पिकावर नाही, ट्रॅक्टरवर लिहायलो. पेरणी तोंडावर आलीय आणि आपल्या लोहा-कंधार भागात पंधरा-वीस वर्षांचे जुने ट्रॅक्टर भरपूर आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जो बिघाड रोज होत नाही, कधीमधी होतो, तो एकट्या मिस्त्रीला सापडत नाही. मिस्त्रीच्या दारात गेलं की ट्रॅक्टर शहाण्यासारखा चालतो. असा बिघाड पकडायचा तर सीटवर बसणाऱ्यानंच नोंद ठेवली पाहिजे.

माझा ट्रॅक्टर २००३ चा, कोरड्या डिस्क ब्रेकचा. मागच्या साली मोगडा हाणताना अचानक जागेवर अडकू लागला. इंजिन दबायचं, बंद पडायचं. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा जसाच्या तसा चालू. आमचा सालगडी पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "मालक, तास संपून डाव्या अंगाला वळताना व्हायलंय." मी म्हणलं, तू क्लचवर पाय ठेवून चालवतोस म्हणून व्हायलंय. चार माणसांत बोललो त्याला.

मिस्त्री आला, गिअरबॉक्स उघडला. फोर्क बदलला, एक बेअरिंग बदललं. ₹१८,००० गेले. दहाव्या दिवशी ट्रॅक्टर पुन्हा अडकला, तोही भर रस्त्यावर, मागं खताची ट्रॉली. चाल हळू होती म्हणून निभावलं. टोचन करून घरी आणला.

मग मी पोराच्या जुन्या वहीत लिहायला सुरुवात केली. अडकला की वेळ, मागं कोणतं अवजार, कोणत्या अंगाला वळत होता, किती वेळ चालला होता, आदल्या दिवशी धुतला होता का किंवा पाऊस होता का, आणि कशानं सुटला. अकरा नोंदी झाल्या. नऊ वेळा डाव्या अंगाला वळताना. जास्तीत जास्त वेळा पावसानंतर नाहीतर धुतल्यानंतर. आणि मागं एक झटका दिला की बऱ्याचदा सुटायचा. गडी जे बोलला होता तेच वहीत उतरलं होतं.

बिघाड डाव्या ब्रेकात निघाला. या ब्रेकात दोन पाट्यांच्या मधल्या उताराच्या खाचांत छर्रे बसलेले असतात. पायडल दाबलं की पाट्या फिरतात, छर्रे उतारावर चढतात, पाट्या फाकतात आणि डिस्क दाबली जाते. आमच्या खाचा गंजून खड्डे पडले होते, ओढून आणणाऱ्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या होत्या. छर्रे चढले की उतरायचेच नाहीत. पाट्या, छर्रे, स्प्रिंगा, डिस्का, ऑइल सील, मजुरीसकट ₹६,२०० मध्ये काम झालं.

आता जागेवर काय बघायचं ते सांगतो.

१) ट्रॅक्टर अडकला की क्लच दाबून गिअर न्यूट्रलला घ्या. दांडाच निघत नसेल तर क्लच किंवा गिअरकडं बघा.

२) न्यूट्रलमध्ये क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर आत दोन गिअर एकदम बसल्याची शंका घ्या. इंजिन चालू राहिलं आणि तरी ट्रॅक्टर ढकलून हलत नसेल तर दोष गिअरच्या मागं आहे.

३) डिफ लॉकचं पायडल पूर्ण वर आलंय का बघा. ते दबलेलं राहिलं तर ट्रॅक्टर वळायला ओढतो, आणि चौथी तपासणीही चुकते.

४) सपाट जागेवर, बाकीच्या चाकांना दगड लावून, न्यूट्रलमध्ये एक मागचं चाक जॅकवर उचला. खाली लाकडी ठोकळा ठेवल्याशिवाय जवळ जाऊ नका. चाक हातानं फिरलं पाहिजे. मग दुसऱ्या बाजूचं बघा. एक फिरतं आणि दुसरं जाम, तर आधी त्या बाजूचा ब्रेक.

५) ब्रेकच्या घराजवळ हात न्या, लावू नका. एक बाजू जास्त तापली असेल तर तिथंच ब्रेक घासायलाय.

रस्त्यावर चालवताना दोन्ही ब्रेक पायडलांना जोडणारी पट्टी लावलेलीच पाहिजे. ट्रॉली मागं असताना एका बाजूचा ब्रेक धरला तर ट्रॅक्टर उलटायला वेळ लागत नाही.

पुण्याला माझ्या भाच्याकडं जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे. तिच्यात क्लचचं पायडल नसतं. रस्त्याला वेगात असताना आतला लॉक लागतो, आणि ब्रेकवर पाय पडला की सुटायचा असतो. नाही सुटला तर सिग्नलला थांबताना गाडी धक्का खाऊन बंद पडते, जसा आपण क्लच न दाबता ट्रॅक्टर थांबवल्यावर पडतो. तिथंही गिअरबॉक्स उतरवायच्या आधी ब्रेक पायडलचा स्विच आणि वायर बघायची असते. स्वस्त आणि बाहेरचं आधी, महागाचं आणि आतलं शेवटी.

सहायक कृषी अधिकारी आणि तज्ज्ञ मंडळीही हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. सोयाबीन पिवळं पडलं की तुम्ही लगेच औषध सांगत नाही. वरची पानं का खालची, सगळं रान का पाणी साचलेला कोपरा, पांढरी माशी आहे का, हे विचारता. वरची कोवळी पानं पिवळी तर लोह, खालची जुनी पिवळी तर नत्र, हे तुम्हीच शिकवलंत. हीच रीत यंत्राला लावायला शिकवा. मेळाव्यात बियाण्यावर तीन तास बोलता, एक तास ट्रॅक्टरच्या निदानाला द्या. मध्य प्रदेशात बुदनीला १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था आहे, पण पेरणीच्या दिवसांत लोह्याचा माणूस तिथं कधी जाणार?

आणि जे ट्रॅक्टर घरी ठेवून गड्याच्या हाती देतात त्यांना सांगतो. दिवसभर सीटवर तो बसतो, आपण धुऱ्यावर उभे असतो. त्याचं आधी ऐका, जमलं तर त्याच्याच हातानं लिहून घ्या.

आमच्या गड्याला मी नंतर म्हणलं, चूक माझी होती. तो हसला, काही बोलला नाही. पाडव्याला त्यानं दुसरीकडं साल धरलं. ₹१८,००० चं दुःख कमी झालंय, ते अजून नाही.

तुमचा ट्रॅक्टर असा कधीमधी अडकत असेल तर कोणत्या वेळी, कसा, ते खाली लिहा. सगळ्यांच्या कामाला येईल.