तिरोड्याचे वाक्य आणि समीक्षेचे शब्दवेड

मराठी समीक्षेने बोलींविषयी जेवढ्या प्रेमाने लिहिले आहे, तेवढ्या काळजीने लिहिलेले नाही. ग्रामीण, दलित आणि आदिवासी साहित्याच्या चळवळींनी बोलींना साहित्यव्यवहारात प्रतिष्ठा मिळवून दिली. भालचंद्र नेमाडे यांच्या 'साहित्याची भाषा' (१९८७) नंतर तर भाषेच्या विचारावाचून साहित्याचा विचार संभवत नाही, हे सूत्र विद्यापीठीय प्रबंधांतून हक्काने मांडले जाऊ लागले. तथापि अशा प्रबंधातील 'भाषाशैली' हे प्रकरण उघडावे, तर तेथे बहुधा शब्दांची यादी भेटते. शेतीचे शब्द, नात्यांचे शब्द, म्हणी, वाक्प्रचार, शिव्या यांची मोजदाद होते आणि समारोपाला 'रांगडी', 'अस्सल', 'मातीचा गंध असलेली' ही ठरीव विशेषणे येतात. हे शब्द एकमेकांशी कोणत्या नियमाने जोडले गेले, हा प्रश्न मात्र विचारलाच जात नाही.

ज्या परंपरेचा वारसा ही समीक्षा सांगते, तिच्या दृष्टीने हे मौन विलक्षणच म्हटले पाहिजे. काव्याचे लक्षण सांगण्यास निघालेला साहित्यदर्पणकार विश्वनाथ दुसऱ्याच परिच्छेदात वाक्याकडे वळतो आणि योग्यता, आकांक्षा व आसत्ती यांनी युक्त असलेला पदसमूह तो वाक्य मानतो. मीमांसकांनी आणि नैयायिकांनी याच तीन कल्पनांवर शतकानुशतके वाद घातला. भर्तृहरी तर वाक्यालाच अर्थाचे अखंड एकक मानतो आणि त्यातील पदे ही विश्लेषणाच्या सोयीसाठी पाडलेले तुकडे ठरवतो. शब्दांची रास म्हणजे भाषा नव्हे, ही गोष्ट येथे कोणाला नव्याने सांगावी लागू नये. बोलीचा विषय निघताच मात्र हे सारे विसरले जाते. प्रमाण मराठीला व्याकरण असते आणि बोलीला शब्दसंग्रह असतो, अशी वाटणी कोणी उघडपणे मांडीत नाही. प्रत्यक्षात सगळे ती पाळतात.

या वाटणीचा फोलपणा तपासण्यास तिरोड्यासारखे दुसरे ठिकाण नाही. नागपूर-गोंदिया लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. धानाच्या बांध्या आणि तलावांच्या या प्रदेशात झाडीबोली, पोवारी, हिंदी आणि गोंडी या भाषा शेजारी नांदतात. मध्य प्रदेशाची सीमाही जवळच आहे. १८६१ ते १९५६ या काळात हा मुलूख आधी मध्य प्रांताचा आणि पुढे जुन्या मध्य प्रदेशाचा भाग होता. हिंदी आणि मराठी जिल्हे एकाच कारभाराखाली होते. झाडीबोलीच्या शब्दसंपदेकडे दुर्लक्ष झाले असेही म्हणता येत नाही. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शब्दकोश सिद्ध केला आणि तिच्या अभ्यासाला आयुष्य दिले. असा कोश हा पाया असतो. पाया बांधणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. त्यावर घर न उभारता पायाच्याच दगडांची गणती करीत बसलेल्यांना मात्र जाब विचारला पाहिजे.

दोन वाक्ये घेऊ. पहिले : 'बाया बांधीत रोवणा करत आहेत.' दुसरे : 'ती पुस्तक वाचून राहिली.' (उच्चारभेद बाजूला ठेवून दोन्ही प्रमाण लेखनात दिली आहेत, कारण येथे प्रश्न रचनेचा आहे.) पहिल्या वाक्यातील 'बांधी' आणि 'रोवणा' हे शब्द झाडीच्या अभ्यासकाला आनंद देतील, यादीत दोन नोंदी वाढतील. दुसऱ्या वाक्यात यादीला काहीच मिळत नाही. त्यातील एकूण एक शब्द पुण्याच्या कोणत्याही शाळेतील मुलाला ठाऊक आहे. तरीही पहिले वाक्य पुण्याचे आहे आणि दुसरे तिरोड्याचे! पहिल्यात प्रमाण मराठीच्या सांगाड्यावर दोन प्रादेशिक नामे बसवली आहेत. दुसऱ्याचा सांगाडाच निराळा आहे, कारण त्याचा अर्थ 'ती पुस्तक वाचत आहे' असा होतो. शब्द मोजणारी समीक्षा पहिल्याला बोलीचे वाक्य म्हणेल आणि दुसऱ्याला, फार तर, सदोष मराठी.

प्रमाण मराठीत 'वाचून' हे पूर्वकालवाचक रूप आहे. त्याला पुढच्या एखाद्या स्वतंत्र क्रियेची आकांक्षा असते : वाचून उठली, वाचून झोपली, वाचून राहिली. म्हणून प्रमाण भाषकाला दुसऱ्या वाक्यात दोन क्रिया दिसतात, आधी वाचन आणि मग राहणे. तिरोड्यात ही आकांक्षा वेगळ्या रीतीने पुरी होते. 'राहिली' येथे स्वतंत्र क्रिया उरत नाही. ती 'वाचून'शी एकजीव होऊन चालू क्रियेची खूण बनते. ही एकजीवता सिद्ध करता येते. 'ती पुस्तक वाचून तिथेच राहिली' असे म्हणताच मध्ये शिरलेल्या स्थलवाचक शब्दाने जोड तुटते आणि दोन क्रिया परत येतात. 'नाही' हा शब्द मात्र त्याच जागी खुशाल बसतो : 'ती वाचून नाही राहिली', म्हणजे ती वाचत नाही. 'राहिली होती' म्हटले की तीच चालू क्रिया भूतकाळात जाते. लिंगवचनाचा मेळ कर्त्याशीच असतो. 'ती पुस्तक वाचून राहिला' असे कोणी म्हटले, तर तिरोड्यातील निरक्षर आजीदेखील ते सुधारील. कोणते शब्द जवळ यावेत, कोणता मध्ये चालेल, कोणता चालणार नाही आणि कोणाचा मेळ कोणाशी, हे जेथे ठरलेले असते तेथे व्याकरण असते. व्याकरणाची याहून वेगळी व्याख्या कोणाजवळ असेल, तर ती त्याने मांडावी.

स्थानकावर 'गाडी येऊन राहिली' हे वाक्य ऐकून प्रमाण भाषक गाडी येऊन उभी असल्याचे समजेल आणि धावत सुटेल. तिरोड्याचा माणूस शांतपणे सामान उचलील, कारण गाडी अजून यायची आहे. विनोदापुरता हा प्रसंग ठीक आहे. शाळेत त्याचा विनोद राहत नाही. मुलाचे 'करून राहिला' खोडून तेथे 'करत राहिला' लिहिणारा शिक्षक चूक दुरुस्त करीत नसतो, अर्थ बदलत असतो. कारण प्रमाण मराठीत 'करत राहिला' म्हणजे थांबवले नाही, करीतच गेला. मुलाला 'करत आहे' म्हणायचे होते. आपल्या वाक्यात नियम होता आणि शिक्षकांच्या वाक्यात दुसरा नियम आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. त्याला एवढेच समजते, की आपल्याला बोलता येत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो : ही हिंदीची नक्कल आहे. हिंदीतील 'पढ़ रही है'शी या रचनेचे नाते उघड आहे आणि ते नाकारण्याचे प्रयोजनही नाही. परंतु नक्कल या शब्दाने काय समजते? हिंदीत धातू प्रत्ययाविना येतो. येथे तो मराठीचा '-ऊन' प्रत्यय घेऊन येतो. हिंदीत 'है' लागतो. येथे 'आहे' वाचून वाक्य पुरे होते. म्हणजे बाहेरून आलेली कल्पना मराठीने स्वतःच्या सामग्रीने घडवली आहे. बाहेरच्या सहवासाने वाक्य बदलणे हा गुन्हा असेल, तर पहिला आरोपी प्रमाण गद्यच ठरेल. एकोणिसाव्या शतकापासून इंग्रजीच्या सहवासात घडलेले 'त्यांच्याकडून करण्यात आले', 'निर्णय घेण्यात येत आहे' यांसारखे वाक्य आज प्रत्येक परिपत्रकात आणि अग्रलेखात सुखाने नांदते. त्याला नक्कल म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. साहेबाच्या वाक्याची सावली पडली तर भाषा प्रगल्भ होते आणि शेजाऱ्याच्या वाक्याची पडली तर ती बिघडते, हा न्याय भाषाशास्त्राचा नव्हे.

हिंदीवर सारे ढकलण्याची ही सवय दुसऱ्या एका रचनेपुढे उघडी पडते. 'मी आंबा खाल्लो' हे वाक्य पूर्व विदर्भात ऐकू येते, तसेच मराठवाड्याच्या दक्षिण भागातही. प्रमाण मराठीत क्रियापद आंब्याशी मेळ ठेवते : 'मी आंबा खाल्ला.' हिंदीही कर्माशीच मेळ ठेवते : 'मैंने आम खाया.' तेव्हा 'खाल्लो'चे खापर हिंदीवर फोडता येत नाही. कर्त्याशी मेळ ठेवण्याची रीत द्राविडी कुळातील गोंडी आणि तेलुगू यांची आहे, पूर्वेकडील छत्तीसगढीचीही आहे. या शेजारामुळे ती रुजली, की मराठीतच तिचे बीज होते, हा संशोधनाचा विषय होय. बीज होते याला मात्र पुरावा हवा असल्यास प्रमाण मराठीकडेच पाहावे. 'मी पाणी प्यालो', 'मी धडा शिकलो', 'ती सगळे विसरली' ही शुद्ध वाक्ये आहेत. शिकणे आणि विसरणे या सकर्मक क्रिया असून क्रियापद येथे कर्त्यामागे जाते. व्याकरणकारांनी अशा धातूंचा वेगळा गट केला. एकाच तोंडाने पाणी प्यावे तेव्हा 'प्यालो' शुद्ध आणि त्याच तोंडाने आंबा खावा तेव्हा 'खाल्लो' अशुद्ध, याचे कारण रूढीपलीकडे कोणते देता येईल? प्रमाण भाषेने जे थोड्या धातूंपुरते ठेवले, ते झाडीने अधिक व्यापक केले, इतकाच हा भेद.

याहून बोलके उदाहरण 'तू आंबा खाल्लास' हे आहे. 'खाल्ला' हे रूप आंब्याचे आणि अखेरचा 'स' मात्र 'तू'चा! एकाच क्रियापदाने कर्म आणि कर्ता या दोघांचीही चाकरी करावी, ही तर्काच्या दृष्टीने मोठी अडचणीची गोष्ट होती. व्याकरणकारांनी काय केले? त्यांनी 'कर्तृकर्मसंकर' हे भारदस्त नाव दिले आणि ते शालेय पुस्तकात बसवले. प्रमाण भाषेची अनियमितता दिसली, की तिला पारिभाषिक संज्ञा मिळते. बोलीची नियमितता दिसली, की तिला लाल शाई मिळते. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत आणि पुढे अरविंद मंगरूळकर, कृ. श्री. अर्जुनवाडकर यांच्या पुनर्विचारापर्यंत प्रयोगविचारावर मराठीत थोर वाद झाला. त्या वादाचे मोल मोठे आहे. परंतु त्याची उदाहरणे प्रायः एकाच प्रमाण मराठीतून आली. पूर्वेकडची वाक्ये त्या सभेत साक्षीला बोलावली असती, तर कर्तरी आणि कर्मणी यांची सीमा किती हलती आहे, हे सहज दिसले असते.

अर्थात वाक्याकडे कोणीच पाहिले नाही, असे नाही. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्या सर्वेक्षणाने ठिकठिकाणच्या लोकांकडून उधळ्या मुलाची संपूर्ण गोष्ट मागवली होती. भाषांतरित का होईना, तेथे सलग वाक्ये होती. अलीकडच्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणात कर्त्याची खूण आणि क्रियापदाचा मेळ हे प्रश्न जिल्ह्याजिल्ह्यांतून विचारले गेले. साहित्यसमीक्षेने मात्र ही सामग्री आपली मानलेली नाही. भाषाशास्त्र हे परक्याचे आवार, अशी तिची समजूत आहे.

त्या समजुतीची किंमत साहित्य मोजते. पात्रांच्या तोंडी बोली आणि निवेदनात प्रमाण मराठी, ही सोय ग्रामीण कथेने फार पूर्वी स्वीकारली. पुढे निवेदनही बोलीत आले, असे कौतुकाने सांगितले जाते. ते खरोखर आले की केवळ नामे आली, हे तपासायचे कोणी? क्रियापदे, त्यांचा मेळ, नकाराची जागा आणि चालू क्रियेची खूण प्रमाणाची ठेवून, वर चार देशी नामे पेरली तर तयार होते ती बोलीची झूल पांघरलेली प्रमाण भाषा. जो लेखक आपल्या गावचे वाक्य लिहू पाहतो, त्याचे हस्तलिखित संपादकाच्या टेबलावर 'सुधारले' जाण्याची शक्यता अधिक असते. नामे 'चवीसाठी' राखली जातात आणि वाक्ये सरळ केली जातात. मग त्याच पुस्तकातील बोलीच्या अस्सलपणावर परीक्षण लिहिले जाते. वाक्य न वाचणाऱ्या समीक्षेला या फसवणुकीचा पत्ताही लागत नाही.

सर्वांना समजेल अशी एक लेखनभाषा हवी, याविषयी विवाद नाही. तिरोड्याच्या मुलाला 'वाचत आहे' आलेच पाहिजे. पण ते त्याला दुसरा नियम म्हणून शिकवावे, पहिल्या नियमाची शिक्षा म्हणून नव्हे. समीक्षकाकडून अपेक्षा तर याहून साधी आहे. एखाद्या कादंबरीची भाषा झाडीची, वऱ्हाडीची अथवा अहिराणीची आहे असे लिहिण्यापूर्वी त्याने तिच्यातील एक पान घ्यावे, त्यातील प्रादेशिक शब्द झाकावेत आणि उरलेल्या सांगाड्याकडे पाहावे. सांगाडा परिचित, पुस्तकी निघाला, तर 'मातीचा गंध' हे शब्द त्याने खोडावेत. सांगाडा अनोळखी निघाला, तर त्याला सदोष म्हणण्याआधी तेथे कोणता नियम चालू आहे, हे शोधण्याचे कष्ट घ्यावेत. शब्द गोळा करण्याचे काम पुष्कळ झाले. ते जेथे जोडले जातात, तेथे मराठी समीक्षा अजून पोचलेली नाही.